डोक्याच्या वर एक वीत

मायलीन, बस अशी समोर. मेणबत्ती जरा तुझ्याकडं ओढून घे, माझी जिंजिंग तिच्यात हात घालते. वीज काय, येईल तेव्हा येईल. उद्या तुझी ऑडिशन आहे, एकटीनं दोन मिनिटं बोलायचंय, आणि तू मला चार गोष्टी विचारायला आलीस. सांगते. मला जे काही येतं ते सगळं पुरिंगमावशीचं. माझं स्वतःचं त्यात एकच आहे. ते शेवटी सांगेन, आधी सांगितलं तर तू उद्या जायचीच नाहीस.

नखं काप. साधा एकरंगी झगा घाल, फुलाफुलांचा नको, बघणारे फुलंच बघत बसतात. आत गेल्यावर नाव, वय, कुठून आलीस ते सावकाश सांग. प्रसंगात लागणारी वस्तू खरीखुरी हातात घेऊन जाऊ नकोस. मधेच विसरलीस तर "चुकलं, परत करू का" असं म्हणायचं नाही. गप्प राहायचं, श्वास घ्यायचा, त्यांना वाटतं काय छान थांबली. आणि घाबरलीस तर मनात मोजायचं. एक, दोन, तीन. मोजताना माणूस मरत नाही, असं मावशी म्हणायची.

पुरिंगमावशीला तू पाहिलं नाहीस. तुम्ही इथं नावोतासला राहायला यायच्या आधीच ती सेबूला लेकाकडं निघून गेली. ही पलीकडची खोली तिची. चाळीस वर्षं सिनेमात काम केलं तिनं. कधी मोलकरीण, कधी मयताला रडणारी बाई, कधी बाजारातली गर्दी. चाळीस वर्षांत सगळं मिळून पानभर बोलली असेल. पण कुणाला काम मिळतं आणि कुणाला का मिळत नाही, हे तिनं कोपऱ्यात उभं राहून इतकं पाहिलं होतं की तिच्याइतकं कुणाला कळायचं नाही. मी आणि माझी थोरली बहीण लिगाया, आम्ही दुपारी तिच्या स्वयंपाकघरात उभ्या राहून सराव करायचो. ताई फार ओरडून बोलायची. मावशी म्हणायची, "अगं, बंदरावर मासळी विकतेस काय? तो माणूस तुझ्यापासून हातभर लांब आहे." मला लगेच रडू यायचं. मला म्हणायची, "रडून काम मिळत नाही, शेंबूड मिळतो. गिळ ते. तुझं गिळणं बघून त्यांना रडू आलं पाहिजे."

आता सगळ्यात मोठी गोष्ट. डोळे.

समोर बसलेल्यांच्या डोळ्यांत बघायचं नाही. ते बिचारे कंटाळलेले असतात, आणि कुणी रोखून बघितलं की अवघडतात. त्यांच्या डोक्याच्या वर एक वीत बघायचं. तिथं, त्यांच्या पाठीमागं, तुझं माणूस उभं करायचं. ज्याच्याशी बोलायचं राहून गेलंय असं माणूस. त्याचा चेहरा, कपडे, वास, सगळं आठवायचं आणि मग तोंड उघडायचं. ते माणूस नीट उभं राहिलं की पाठ केलेले शब्द आपोआप खरे होतात. फक्त एक. मावशीनं बोट उगारून सांगितलं होतं, "उभं करशील ते जिवंत माणूस कर. मेलेल्यांना बोलायला दोन मिनिटं पुरत नाहीत."

मी नेमकं तेच विसरले.

लिगायाताई एका सोमवारी सकाळी पिवळा झगा घालून ऑडिशनला गेली. नोनोयदादानं ठरवून दिली होती. या नोनोयदादाच्या जीपनी गाडीत बसून आपल्या गल्लीतल्या निम्म्या बायका शूटिंगला गेल्यात. गर्दीसाठी, छोट्या कामांसाठी माणसं तोच पुरवायचा. गोड बोलायचा. नाकाखाली कायम पुदिन्याचं तेल चोळलेलं, तो यायच्या आधी त्याचा वास यायचा. हातात बटणाचं पेन, आणि त्या बटणाला एक मिनिट चैन नाही. टिक टिक. टिक टिक.

ताई परत आली नाही. गुरुवारी बर्फाच्या कारखान्यामागच्या नाल्यात सापडली. पोलिसांनी अंगावरचे वार मोजले, अकरा होते. नोनोयदादानं सांगितलं की ती त्या दिवशी तिथं पोचलीच नाही, मी तासभर जिन्यात तिची वाट बघत उभा होतो. सांगताना रडला. माझ्या आईनं त्याची पाठ थोपटली.

ताईची शवपेटी आईच्या घरी ठेवली होती, खाडीच्या पलीकडं. आपल्यात कुणी मारलेलं असलं की काय करतात ते तुला माहीत आहे. आईनं पेटीच्या काचेवर कोंबडीचं पिल्लू सोडलं, समोर तांदूळ टाकले. पिल्लू दाणा टिपतं, चोच काचेवर वाजते, आणि तशी एकेक टोच मारणाऱ्याच्या मनाला लागते म्हणतात. खाली काचेतून ताईचा चेहरा. हनुवटीपासून खाली पांढरा कपडा गुंडाळला होता, आत काय आहे ते आईनं मला बघू दिलं नाही. मी दिवसभर तिथं बसायचे. लोक पत्ते खेळायचे, कॉफी प्यायचे, कलिंगडाच्या बिया सोलायचे, आणि त्या सगळ्या गडबडीत मला फक्त चोचीचा आवाज यायचा.

नोनोयदादा रोज यायचा, बिस्किटाचा डबा घेऊन. डाव्या अंगठ्याला जाड पट्टी. जीपनीच्या दारात सापडला, म्हणाला. पेटीजवळच्या बाकावर बसला की पिल्लू तांदूळ सोडून द्यायचं आणि मोकळ्या काचेवर टोचायला लागायचं. टिक टिक. एकदा त्यानं कानाजवळ हात नेला आणि आईला हळूच म्हणाला, "काकी, ते पिल्लू काढा ना. तिला झोपू द्या."

आई म्हणाली, "तिला झोपवायला नाही ठेवलं ते."

पाचव्या दिवशी सकाळी तो मला बाजूला घेऊन म्हणाला की लिगायाचं काम अजून रिकामं आहे. तुझा चेहरा तिचाच, आज तीनला ये, मी सांगून ठेवतो. मी नाही म्हणणार होते. जिंजिंग तेव्हा सात महिन्यांची, अंगावर पिणारी. मयताच्या घरी लेकराला नेता येत नाही म्हणून ती दिवसभर पुरिंगमावशीकडं. तिचा बाप बोटीवर, समुद्रात. मला दिवसरात्र एकच भीती, की ताईच्या मयताचा वारा माझ्या लेकराला लागेल. मयताच्या घरून थेट घरी यायचं नाही, वाटेत कुठंतरी थांबून झटकून टाकायचं, हे काय तुला सांगायला हवं. मी रोज न चुकता वळणावरच्या बेकरीत अर्धा तास पाव खात बसायचे. भूक नसली तरी. चार वेळा पाव गिळला तो फक्त जिंजिंगसाठी.

मावशीला फोन केला तर ती म्हणाली, "जा गं. नाहीतरी तुला कुठंतरी थांबायचंच असतं. आज बेकरीऐवजी तिथं थांब. मागून जे आलं असेल ते तिथंच राहील."

म्हणजे बघ, मी नियम मोडला नाही. मी आईच्या घरून निघाले, पेटीला हात लावून, आणि सरळ त्या स्टुडिओत गेले. पाळला तो नियम.

तिसऱ्या मजल्यावर खोली होती. खिडकी नाही. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून चारही भिंतींना अंड्यांचे कागदी ट्रे चिकटवलेले. वरून खालपर्यंत नुसते रिकामे खळगे, आणि कोंडलेला, दमट कागदाचा वास. त्या वासात पुदिना. टेबलामागं चष्मेवाल्या दिग्दर्शक बाई होत्या, कॅमेऱ्यामागं एक माणूस, आणि कॅमेऱ्याशेजारी खुर्चीत नोनोयदादा. ज्याच्याशी बोलायचं त्याच्या जागी कुणालातरी समोर बसवतात, तसा.

मला दिलेलं पान एका धोबिणीचं होतं. तिला मारणारा मालक कोर्टात म्हणतो की मी हिला ओळखत नाही, आणि ती त्याला उत्तर देते. मी बंदरावरचा एक मुकादम उभा करायचं ठरवून गेले होते, त्यानं एकदा माझ्या थोबाडीत मारली होती. नाव सांगितलं, वय सांगितलं. तेवढ्यात वीज गेली.

अंधार असा की स्वतःचा हात दिसेना. बाई म्हणाल्या, कॅमेरा बॅटरीवर आहे, चालू राहू द्या. कुणीतरी चार्जिंगचा दिवा लावून नोनोयदादाच्या पायाशी जमिनीवर ठेवला. त्याचा चेहरा खालून उजळला. पंखा बंद पडल्यामुळं खोली एकदम गप्प झाली होती, त्यामुळं त्याचं पेन मोठ्यानं वाजायला लागलं.

टिक टिक.

पाच दिवस मी तो आवाज पेटीजवळ बसून ऐकला होता, मायलीन. मी त्याच्या डोक्याच्या वर एक वीत बघितलं, आणि मुकादम आठवेचना. मला ताई आठवली. आरशासमोर केस विंचरणारी, मला वाकुल्या दाखवणारी.

आली ती तशी नाही आली. आली ती नाल्यातली.

पिवळा झगा अंगाला चिकटलेला, केसांतून पाणी गळतंय, गळ्याची कातडी एका बाजूला उघडी. नोनोयदादाच्या पाठीशी उभी. तिची हनुवटी त्याच्या केसांच्या वर बरोबर एक वीत. ती माझ्याकडं बघत नव्हती. खाली, त्याच्या टाळूकडं बघत होती.

मी पानावरचं पहिलं वाक्य बोलले, "तुम्ही मला ओळखत नाही म्हणालात. माझ्याकडं नीट बघा."

पुढचं मला पाठ होतं. पण तोंडातून निघालं ते दुसरंच.

"तुम्ही जिन्यात उभे नव्हता. तुम्ही दारात होता. म्हणालात, बाई जेवायला गेल्यात, तोवर मला म्हणून दाखव. कडी लावलीत. मी म्हटलं, कडी कशाला. तुम्ही म्हणालात, बाहेरचा आवाज येतो… मी दोन ओळी म्हटल्या. तुम्ही माझं तोंड दाबलंत. मी अंगठा दातांत धरला, हाडापर्यंत धरला, सोडला नाही. मग तुम्ही मासे चिरायची सुरी काढलीत. पहिला वार बसला तेव्हा मला वाटलं बुक्की मारली. दुसऱ्याला कळलं. मग मी मोजायला लागले. मावशीनं सांगितलं होतं, घाबरलीस की मोज… अकरापर्यंत मोजले."

माझा आवाज ओरडत होता, ताईसारखा. मासळी विकल्यासारखा.

पेन थांबलं. नोनोयदादा खुर्चीत ताठ झाला. मला वाटलं आता माझ्या अंगावर धावून येईल. पण तो आपल्या शर्टाकडं बघत होता, छातीवर काहीतरी बसलं असावं तसा. हळू आवाजात म्हणाला, "काढा… ते पिल्लू काढा माझ्या अंगावरून…"

बाई म्हणाल्या, "नोनोय, काय चाललंय?"

त्यानं पेन मुठीत धरलं आणि छातीवर मारलं. जसं काही तिथलं पाखरू टोचून काढायचंय. शर्टावर एक ठिपका उमटला. परत मारलं. परत. तो ओरडत नव्हता गं, नुसता हुंकारत होता, आणि दर वेळेला टोक आत जाताना बारीकसा टिक असा आवाज यायचा. कॅमेरावाल्यानं त्याचा हात धरला तर त्यानं त्याला भिंतीवर भिरकावला, ट्रेचे कागद फाटून खाली आले. पोटात. बरगडीत. खांद्याखाली. शर्ट काळा झाला, जमिनीवरच्या दिव्यावर थेंब पडून उजेड तांबडा झाला. आणि मी काय करत होते? मी मोजत होते. मला थांबता येत नव्हतं. दहा झाले तेव्हा त्यानं मान वर केली, सरळ वर, आपल्या डोक्यावर कोण आहे ते बघायला. बघितलं त्यानं. आणि अकरावा गळ्यात घातला, बटणापर्यंत.

पेन तिथंच राहिलं. श्वास घेताना ते हलत होतं, मग हलायचं थांबलं.

वीज आली तेव्हा खुर्चीमागं कुणी नव्हतं. फक्त ओलं होतं, दोन पावलांएवढं.

पोलीस आले. पट्टी सोडली तेव्हा अंगठ्याला दातांच्या खुणा दिसल्या, त्या ताईच्याच निघाल्या. माझ्यावर काही आलं नाही, बाई आणि कॅमेरावाला दोघांनी सगळं पाहिलं होतं. पण बाईंनी नंतर मला चित्रीकरण दाखवलं. त्यात मी पहिलं वाक्य बोलते आणि गप्प होते. शेवटपर्यंत गप्प. ओठसुद्धा हलत नाहीत. नुसती त्याच्या डोक्यावर बघत उभी आहे. तरी तो उत्तर दिल्यासारखा मान हलवतो. बाईंना मी विचारलं, तुम्ही काय ऐकलं? त्या म्हणाल्या, मला वाटलं तू विसरलीस.

जबाब होईस्तोवर सहा वाजले. माझी छाती दुधानं दगड झाली होती, झगा पुढून भिजला होता. लेकरू सकाळपासून उपाशी असणार, मावशीनं भरवलेली पेज ती थुंकून टाकायची. डोक्यात दुसरं काही नव्हतं. मी जिना उतरले, समोर आली त्या जीपनीत चढले, आणि थेट घरी आले. धावत. दारातच जिंजिंगला मावशीच्या हातातून ओढून घेतलं आणि छातीला लावलं. ती पीत होती आणि मी रडत मावशीला सांगत होते, ताईला न्याय मिळाला, तो मेला, माझ्यासमोर मेला.

मावशी ऐकत होती. मग तिनं विचारलं, "वाटेत कुठं थांबलीस?"

मी म्हटलं, "स्टुडिओत. तूच सांगितलंस ना."

"ते लिगायाच्या मयताच्या घरून निघालीस त्याचं झालं. तो मेला, तिथून निघालीस. त्यानंतर कुठं थांबलीस?"

मी खाली बघितलं. जिंजिंगनं प्यायचं थांबवलं होतं. तोंडातलं दूध गालावर ओघळत होतं आणि ती वर बघत होती. माझ्याकडं नाही. माझ्या थोडं वर.

मीठ टाकलं, व्हिनेगर शिंपडलं. फादरनी येऊन पाणी शिंपडलं. मी दुसऱ्या दिवशी परत स्टुडिओपर्यंत जाऊन, बेकरीत तासभर बसून आले. मावशी म्हणाली, एकदा दारातून आत आलेल्याला बेकरी दाखवून काय होणार? पुढच्या महिन्यात ती सेबूला गेली. लेकानं बोलावलं म्हणाली. जाताना माझा निरोप घेतला तो उंबऱ्याबाहेरून, आणि मान खाली घालून.

आता जिंजिंग दोन वर्षांची होईल. एकदाही तिनं माझ्या डोळ्यांत बघितलेलं नाही. मी भरवते, न्हाऊ घालते, ती बघते ते माझ्या केसांच्या वर एक वीत. कधी हसते, कधी ऐकत असल्यासारखी गप्प होते. डॉक्टर म्हणतात नजर चांगली आहे. मी तिला एकटं सोडत नाही. सोडलं तर तो नोनोयदादा तिच्या मागं उभा राहील असं वाटतं, म्हणून सारखी कडेवर घेते, म्हणजे निदान माझ्या मागं राहील. ताई येत असेल असंही कधी वाटतं. शांत असलं की घरात तो आवाज येतो. काचेवर चोच असेल तर ती ताई. मी कान देऊन बसते, पण चोच आणि पेन यांतला फरक मला अजून कळलेला नाही.

तर हे माझं. उद्या आत काहीही होवो, काम मिळो न मिळो, येताना वाटेत थांब. घरी कुणीही वाट बघत असू दे, थांब.

बाकी तुला जमेल. डोळे तर तुला आत्ताच जमलेत. मघापासून बघतेय मी, दिवे गेल्यापासून तू एकदाही माझ्या डोळ्यांत बघितलं नाहीस. बरोबर तिथंच बघतेयस, एक वीत वर. सरावच करतेयस ना?

पापणी हलव गं एकदा… आणि ते हातातलं पेन वाजवू नकोस.

मायलीन, तुझे दोन्ही हात तर मेणबत्तीजवळ आहेत…